सौद्यातलं तिसरं नाव

पहाटे साडेपाच

बुधवार, १७ डिसेंबर २०२५. जानकीपुरम विस्तारात धुकं असं उतरलंय की गच्चीतून समोरच्या घराचा दिवाही धड दिसत नाही. काल अबुधाबीत आयपीएलचा लिलाव झाला. आमच्या क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं मध्यरात्रीपर्यंत जागी होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, प्रशांत वीर. अमेठीचा, वीस वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज आणि फलंदाज. पायाभूत किंमत तीस लाख. चेन्नई सुपर किंग्जनं त्याला १४ कोटी २० लाखांना घेतलं. लखनौच्या पोरांना अमेठी म्हणजे शेजार. आपल्यातलंच कुणीतरी गेलं, असा आनंद त्या निरोपांत होता.

त्याच निरोपांच्या खाली क्लबच्या अध्यक्षांचा एक होता. आज रात्रीपर्यंत उत्तर द्या.

प्रश्न असा आहे. जानेवारीत लेदर बॉलची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. आमचा संघ यंदा खरोखर चांगला आहे, जिंकू शकेल असा. फक्त मधल्या फळीत भरवशाचा फलंदाज नाही. गोमतीपलीकडच्या एका अकादमीकडे तसा आहे, तिशी ओलांडलेला, राज्याच्या शिबिरापर्यंत जाऊन आलेला. त्याला स्पर्धेपुरता आमच्याकडे पाठवायला ते तयार आहेत. बदल्यात त्यांना आमचा सोळा वर्षांचा डावखुरा फिरकीवाला हवा, कायमचा. आणि हिशेब जुळावा म्हणून वर एक मध्यमगती गोलंदाज. त्यांनी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. "कोई एक पेसर दे दीजिए," एवढंच म्हणाले होते. नाव आमच्या अध्यक्षांनी घातलं.

सकाळी साडेसहा

मैदान म्हणजे सीतापूर रोडच्या आतल्या बाजूचा एक मोकळा भूखंड. सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅटिंग, दोन जाळ्या. टर्फ नाही. हिवाळ्यात मॅट दवानं भिजून जड होते, म्हणून साडेआठच्या आत लेदरचा चेंडू पिशवीबाहेर काढायचा नाही असा आमचा नियम आहे. भिजलेला चेंडू फुगतो, शिवण मऊ पडते आणि मग तो फक्त झेलांच्या सरावाला उरतो. तोवर धावणं, टेनिस बॉलवर झेल आणि फिरकीवाल्यांचं एका स्टंपवर काम.

आज बावीस यार्डांवरचा स्टंपही दिसत नव्हता. म्हणून फिरकीवाल्याला निम्म्या अंतरावरून टाकायला लावलं. हे पोरगं टाकतं कसं ते सांगितलं पाहिजे, कारण दिवसभर हिशेब त्याच्या नावाचा चाललाय. चेंडू तो तर्जनी आणि मधल्या बोटात रुंद धरतो. तर्जनीच्या पहिल्या सांध्याला आतल्या बाजूनं घट्टा पडलाय, तो थंडीत फुटतो. रात्री त्यावर मलम लावतो, पण सकाळी पट्टी बांधून येत नाही, कारण पट्टी असली की शिवण बोटाला कळत नाही. त्याचा आर्म बॉल मनगटाचा कोन जराही न बदलता येतो. तो मी शिकवलेला नाही, त्याचा त्यालाच सापडलाय. उंची अजून वाढतेय, त्यामुळे चेंडू सोडण्याची जागा मधूनच हलते आणि चार-आठ दिवस सगळं बिनसतं. मग पुन्हा जुळतं. सोळाव्या वर्षी गोलंदाज असाच असतो. जुळलेल्या आठवड्यात आलेला पाहुणा त्याला डोक्यावर घेईल, बिनसलेल्या आठवड्यात आलेला नावही विचारणार नाही.

मध्यमगतीवाला सगळ्यांच्या आधी येतो. मॅट उलगडणं, स्टंप रोवणं, जाळीची दोरी ताणणं, सगळं न सांगता करतो. पंधरा वर्षांचा आहे, बोलणं कमी. चेंडू टप्पा पडून आत येतो, बाहेर काढता येत नाही. वेग बेताचा. पण खांदे रुंदावायला लागलेत, आणि पावसाळ्यात घेतलेले बूट दिवाळीलाच लहान झाले म्हणून त्याची आई माझ्याकडे कुरकुरत होती. पाय वाढताहेत म्हणजे उंची यायची आहे. दोन वर्षांनी हा काय असेल हे मी सांगू शकत नाही. मला वाटतं, कुणीच सांगू शकणार नाही.

सकाळी साडेआठ

ऊन नाहीच, पण मॅट जरा सुकली. नेट सुरू झाली तशी पोरांची चर्चाही सुरू झाली. लखनौ सुपर जायंट्सनं नमन तिवारीला एक कोटीला घेतलं, तो लखनौचाच डावखुरा वेगवान गोलंदाज. रवी बिश्नोईला आपण सोडला आणि राजस्थाननं त्याला ७ कोटी २० लाखांना नेला. गेल्या वर्षी ऋषभ पंतला सत्तावीस कोटी मोजले, आयपीएलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बोली, आणि आपण सातवे आलो. पोरांना आकडे माझ्यापेक्षा पाठ आहेत.

एकानं विचारलं, "सर, चेन्नईनं जडेजा देऊन सॅमसन घेतला, ते बरोबर केलं का?"

१५ नोव्हेंबरला जाहीर झालेला तो सौदा. रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे, संजू सॅमसन चेन्नईकडे. मी त्याला म्हटलं, तिथं तिघंही तयार खेळाडू आहेत, कुणाचं मोल काय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो सौदा मला बरोबरीचा वाटतो. त्याच आठवड्यात लखनौनं मोहम्मद शमीला हैदराबादकडून दहा कोटींना घेतलं. शमी अमरोह्याचा, वय पस्तीस, गेल्या मोसमात नऊ सामन्यांत सहाच बळी. म्हणजे हा थोड्या काळासाठी घेतलेला मोठा खेळाडू. पण लखनौनं त्याच्यासाठी पैसे मोजले, पोरगं दिलं नाही. आपला पालघरचा शार्दूल ठाकूर दोन कोटींना लखनौहून मुंबईला गेला आणि मुंबईत वाढलेला, रणजी मात्र गोव्याकडून खेळणारा अर्जुन तेंडुलकर तीस लाखांना लखनौला आला. तिथंही रोखीचा व्यवहार. आयपीएलमध्ये अशी अदलाबदल खेळाडूची संमती असल्याशिवाय होत नाही, हेही मी मुद्दाम सांगितलं. फिरकीवाला ऐकत होता. त्याच्या संमतीचा प्रश्न आमच्याकडे अजून कुणी काढलेला नव्हता.

सकाळी अकरा

पोरं शाळा-कॉलेजात गेली. बायको केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गेली. तिच्या नोकरीमुळेच आम्ही अकोल्याहून जानकीपुरमला आलो. अकरा ते एक हा माझ्या लिहिण्या-वाचण्याचा वेळ. आज वहीत एकच सौदा मांडला, कारण आमच्या प्रश्नाला भारतात त्याच्याइतका जवळचा दुसरा दाखला मला माहीत नाही.

नोव्हेंबर २०१८. दिल्लीनं हैदराबादकडून शिखर धवनला घेतलं आणि बदल्यात तिघं दिले: विजय शंकर, शाहबाज नदीम, अभिषेक शर्मा. धवन तेव्हा बत्तीस वर्षांचा, किंमत ५ कोटी २० लाख. शंकर आणि नदीम प्रत्येकी ३ कोटी २० लाखांचे. शंकरनं भारताची टोपी घातलेली होती, पुढच्या वर्षी तो विश्वचषकालाही गेला. नदीम झारखंडकडून वर्षानुवर्षं बळी काढत आलेला. अभिषेक अठरा वर्षांचा, ५५ लाखांचा. यादीतलं तिसरं नाव.

धवननं दिल्लीला काय दिलं ते आधी प्रामाणिकपणे लिहायला हवं. २०१९ मध्ये ५२१ धावा, २०२० मध्ये ६१८, २०२१ मध्ये ५८७. त्याआधी २०१२ नंतर दिल्लीनं प्ले-ऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. धवन आल्यावर ती सलग तीन वर्षं प्ले-ऑफला गेली, २०२० मध्ये अंतिम सामना खेळली. करंडक आला नाही, पण जिंकण्याच्या बेतात असलेल्या संघाला जे हवं असतं ते त्यानं दिलं. धवनला घेणं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

आता अभिषेक. हैदराबादेत पहिली तीन वर्षं त्याच्या वाट्याला थोडे सामने आले. कधी खाली फलंदाजी, कधी दोन षटकं. २०२२ च्या मोठ्या लिलावात हैदराबादनं त्याच्यावर साडेसहा कोटी लावले आणि सलामीला पाठवलं. त्या वर्षी ४२६ धावा. २०२४ मध्ये ४८४, शंभर चेंडूंमागे दोनशेहून जास्त वेगानं. १२ एप्रिल २०२५ ला पंजाब किंग्जविरुद्ध ५५ चेंडूंत १४१. यंदा तो टी-ट्वेंटीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकाचा फलंदाज झाला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आयपीएलमध्ये दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो, बहुतेक खेळाडू मोकळे होतात, मग दिल्लीनं अभिषेकला ठेवून तरी काय मिळवलं असतं? हक्क तर तसेही संपले असते. हैदराबादलाही त्याला लिलावात बोली लावूनच परत घ्यावं लागलं. पण साडेसहा कोटी लावण्याचं धाडस हैदराबादला झालं, कारण तीन वर्षं रोज नेटमध्ये त्याला पाहिलेलं होतं. पोरगं जवळ ठेवल्यानं हक्क टिकतात असं नाही, त्याच्याविषयीची माहिती मात्र टिकते. दिल्लीनं ती माहिती हिशेब जुळवण्यासाठी देऊन टाकली. माझा आक्षेप एवढ्याच जागेवर आहे.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये हा प्रश्न दर वर्षी जुलैच्या शेवटी उभा राहतो. तिथं प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली शिकाऊ संघ असतात आणि त्यांतली पोरं वर्षानुवर्षं एका मालकाच्या हक्कात राहतात. अदलाबदलीची मुदत संपत आली की जिंकू पाहणारा संघ शिकाऊ पोरं देऊन उरलेल्या दोन महिन्यांपुरता तयार खेळाडू आणतो. पोरांना कुणी विचारत नाही. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईट टायगर्सनं छत्तीस वर्षांचा गोलंदाज डॉयल अलेक्झांडर असा आणला. तो नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, संघ गटात पहिला आला. मग पुढच्याच फेरीत बाहेर पडला. बदल्यात दिलेला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, मिशिगनचाच, त्याच संघाचा लहानपणापासूनचा चाहता, अटलांटाकडून वीस वर्षं खेळला आणि २०१५ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. उलट बाजूचा दाखला २०१६ चा. शिकागो कब्जनं ॲरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टॉरेस हा आपला सर्वांत नावाजलेला शिकाऊ खेळाडू आणि आणखी तिघं दिले. चॅपमन जेमतेम अर्धा मोसम राहिला, पण कब्जनं १०८ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं. टॉरेस पुढे न्यूयॉर्ककडून उत्तम खेळला. तरी शिकागोत त्या सौद्याबद्दल कुणी हळहळत असेल असं मला वाटत नाही. कब्ज त्या वर्षी खरोखरच सगळ्यांत बलवान होते, त्यांना एकच जागा भरायची होती आणि टॉरेसमध्ये आपण काय गमावतोय याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

लखनौलाही हा धडा मिळालेला आहे. २०२४ च्या मोसमाआधी आवेश खान राजस्थानला देऊन देवदत्त पडिक्कल घेतला. पडिक्कलनं सात सामन्यांत ३८ धावा केल्या, आवेशनं तिकडे १९ बळी घेतले, आणि वर्षाअखेरीस लखनौनं ९ कोटी ७५ लाख मोजून आवेशला परत आणलं.

दुपारी एक

अध्यक्षांचं दुकान इंजिनिअरिंग कॉलेज चौकाच्या अलीकडे. सळ्या, सिमेंट, पाइप. माणूस मनापासून खेळावर प्रेम करणारा आहे; जाळ्या, मॅट, दर महिन्याचे चेंडू त्यांच्याच खिशातून येतात. त्यांनी चहा मागवला आणि आपला मुद्दा मांडला. तो पोकळ नव्हता.

म्हणाले, "सरजी, हे जिंकलो तर टर्फ होईल. दोन माणसं पैसे घालायला तयार आहेत, पण त्यांना करंडक दाखवावा लागेल. दोन पोरं जातील, मागे राहणाऱ्या साठ पोरांना खेळपट्टी मिळेल. तुम्ही साठ पोरांचा विचार करा."

मी लगेच बोललो नाही. सिमेंटवर मॅट टाकून शिकलेल्या गोलंदाजाचं पुढे टर्फवर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. चेंडू सारखा उसळतो असं हाताला वाटायला लागतं, टप्पा आखूड राहतो, आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या तीन षटकांतच पोरगं गोंधळतं. टर्फ ही चैनीची गोष्ट नाही.

मग मी त्यांना होळकरांची गोष्ट सांगितली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांना क्रिकेटचं वेड. सी. के. नायडूंना त्यांनी आपल्याकडे आणलं, मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी माणसं जमवली. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांच्याकडून चक्क डेनिस कॉम्प्टन उतरला. युद्धामुळे तो तेव्हा जवळच महूच्या छावणीत होता. जगातला पहिल्या रांगेतला फलंदाज, त्यानं नाबाद २४९ धावा केल्या. तरी होळकर ३७४ धावांनी हरले, कारण मुंबईकडे विजय मर्चंट होते आणि त्यांच्यामागे अख्खा संघ होता. पुढच्याच मोसमात होळकरांनी रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, आणि पुढच्या सात वर्षांत आणखी तीनदा. ती नायडूंच्या हाताखाली वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या माणसांची कमाई होती.

"लेकिन कॉम्प्टन के बदले उन्होंने कोई बच्चा तो नहीं दिया था," अध्यक्ष म्हणाले.

नेमकं बोलले. मी म्हटलं, तेच तर सांगतोय. बाहेरचा मोठा खेळाडू आणायला माझी ना नाही. पैसे देऊन आणा, प्रवासखर्च देऊन आणा, आमच्या पोरांना त्याच्या शेजारी बसू दे. पण पोरं आपली मालमत्ता नाहीत. फी भरून शिकायला येतात. आणि यादीत जे दुसरं पोरगं घातलंय, त्याला तुम्ही गोलंदाजी करताना पाहिलंय का?

त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणाले, संध्याकाळी एकाना स्टेडियमला भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याला जातोय, रात्री बोलू.

दुपारी साडेतीन

दुसऱ्या पाळीची नेट. धुकं दुपारी जरा वर गेलं होतं, आता पुन्हा खाली येतंय. हवेला धुराचा वास आहे, डोळे चुरचुरतात. लहान पोरांना मी आज धावायला लावलं नाही.

फिरकीवाल्याचे वडील आले होते. ई-रिक्षा चालवतात, टेढी पुलिया ते इंजिनिअरिंग कॉलेज. त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, "सर, जहाँ बच्चे का भला हो।" मग पोराला बोलावून विचारलं. त्यानं एकच विचारलं, तिकडे टर्फ आहे ना? आहे, म्हटलं. तो गप्प झाला. त्याला जावंसं वाटतंय हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यात वावगं काही नाही. सोळा वर्षांच्या गोलंदाजाला टर्फ हवंसं वाटलंच पाहिजे.

म्हणून त्याच्याशी नि वडिलांशी असं ठरवलं: त्या अकादमीच्या प्रशिक्षकांना मी स्वतः फोन करणार, रविवारी त्यानं तिकडे जाऊन टाकायचं. परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये, त्याला कायमचं जायचं असेल तर मी चिठ्ठी देऊन पाठवेन. मोकळ्या हातानं, बदल्यात कुणाला न घेता. जाणं त्याच्या फायद्याचं असेल तर तो जाईल. आमच्या जानेवारीच्या स्पर्धेची किंमत म्हणून तो जाणार नाही.

मध्यमगतीवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याच्याबरोबर अर्धा तास मनगटावर घालवला. शिवण पहिल्या स्लिपकडे झुकलेली, अंगठा खाली बाजूला, चेंडू सुटताना मनगट शिवणीच्या मागे. पहिले वीसेक चेंडू नेहमीसारखे आत आले. मग एक टप्पा पडून सरळ राहिला, नंतर आणखी एक, आणि तिसरा बाहेर निघाला. फलंदाज चुकला. पोरानं वळून माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता चेंडू घ्यायला गेला, आणि पुढचा पुन्हा आत आला. बाहेरचा चेंडू त्याच्या हातात आहे, अजून त्याला बोलावता येत नाही. त्याला सहा महिने लागतील.

संध्याकाळी सहा

नागपूरहून मित्राचा फोन. आम्ही अकोल्याला एकत्र खेळलो, आता तो तिकडे पोरांना शिकवतो. त्याला सगळं सांगितलं.

"तू त्या पोराले विचारलं काय?" हा त्याचा पहिला प्रश्न. विचारलं, म्हटलं. "मंग झालं. आपल्या विदर्भानं काय केलं थे सांग त्यायले."

विदर्भाचं उदाहरण दिवसभर माझ्या डोक्यात होतंच. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफर बाहेरचा खेळाडू म्हणून संघात होता, चाळिशीला टेकलेला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक रजनीश गुरबानीची आणि शतक अक्षय वाडकरचं, दोघंही घरचे. विजयी धावा जाफरच्या. पुढच्या वर्षी जाफरनं १०३७ धावा केल्या, आणि सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेतले ते डावखुऱ्या आदित्य सरवटेनं. बाहेरचा ज्येष्ठ आला तो घरच्या पोरांच्या शेजारी उभा राहिला, त्यांच्या जागेच्या बदल्यात आला नाही.

"अन् गेल्या मोसमात?" मित्र म्हणाला. "सरवटे केरळकडं गेला, त्याच्या जागी हर्ष दुबे आला. एकोणसत्तर बळी! रणजीच्या एका मोसमात कोनाचेच नाईत तेवढे." करुण नायर बाहेरचा, त्याच्या ८६३ धावा, पण यश राठोडच्या ९६०, आणि अंतिम सामन्यात एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारच्या १५३. समोर केरळच्या संघात सरवटे, नागपूरच्याच मैदानावर. विदर्भ तिसऱ्यांदा विजेता. नायर आता पुन्हा कर्नाटकाकडे गेलाय, दुबे, राठोड आणि मालेवार विदर्भाकडेच आहेत.

रात्री साडेनऊ

साडेसहाला नाणेफेक व्हायची होती. पंच पुन्हा पुन्हा मैदानात आले, पाहून गेले. टीव्हीवर प्रकाशझोतांखाली नुसता पांढरा पडदा दिसत होता. साडेनऊच्या सुमारास सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं, एकही चेंडू न पडता. डिसेंबरच्या मध्याला लखनौत रात्रीचा सामना ठेवणं हेच मुळात चुकलं. इथल्या कुठल्याही मैदानावरच्या माळ्यानं सांगितलं असतं की या दिवसांत सूर्य गेल्यावर चेंडू दिसत नाही.

दहाच्या पुढे अध्यक्षांचा फोन आला. शहीद पथावर गाड्यांच्या रांगेत अडकले होते, थकलेले. मी माझं उत्तर सांगितलं. फलंदाज हवा असेल तर मानधन देऊन बोलवा, माझी या महिन्याची रक्कम त्यात घाला. पोरं द्यायची नाहीत, दोन्हीही. फिरकीवाला रविवारी तिकडे जाईल, ते मी बघतो.

"हार गए तो?" त्यांनी विचारलं.

हरू शकतो, म्हटलं. मधली फळी कच्चीच आहे. टर्फचे पैसे कदाचित या वर्षी मिळणार नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटेल.

थोडा वेळ गाड्यांचे भोंगे ऐकू आले. मग म्हणाले, शनिवारी सकाळी मैदानावर येतो, त्या दुसऱ्या पोराला बघायचंय.

महाराष्ट्रातही आता हाच मोसम आहे. गावोगाव जानेवारीच्या स्पर्धा भरतील, क्लबवाले बाहेरून तयार खेळाडू आणतील, त्यात काही गैर नाही. माझी विनंती एवढीच आहे: कागदावर हिशेब जुळवायला तिसरं नाव लिहिण्याआधी त्या पोराला नेटमध्ये अर्धा तास पाहून या, आणि त्याला विचारा.